नावडीचं इंग्रजी

माझ्या धंद्याला नाव नव्हतं. पोस्टमनला पोस्टमन म्हणतात, सुईणीला सुईण म्हणतात. मला यवतमाळात कोणी 'इंग्रजीवाल्या बाई' म्हणत, कोणी 'पोरी तयार करणाऱ्या बाई' म्हणत, आणि आमच्या घरमालकीणबाई माझ्या वर्गाला नुसतं 'ते चाललंय ते' म्हणत. त्यामुळे "आपल्या व्यवसायातील अनुभव लिहा" असा निरोप या अंकाच्या संपादकांकडून आला तेव्हा आधी मी हसले आणि मग मनातून चांगलीच सुखावले. इतक्या वर्षांनी का होईना, कोणीतरी त्याला व्यवसाय म्हणालं.

व्यवसाय असा होता. छप्पन साली आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून उचलून मुंबई राज्यात घातला, साठ साली महाराष्ट्रात घातला. आम्ही जागचे हललो नाही, पण मुलं हलली. ज्यांच्या वडिलांनी वऱ्हाडाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं ती मुलं बी.ए. होऊन नागपूर-मुंबईच्या कचेऱ्यांत चिकटू लागली. आणि ही मुलं मुलगी पाहायला आली की वडीलधाऱ्यांचे प्रश्न संपल्यावर घसा साफ करून एक प्रश्न इंग्रजीत टाकू लागली. "व्हॉट आर यू फाँड ऑफ?" तुम्हाला कशाची आवड आहे? एवढाच. पण मुलगी मॅट्रिक असली तरी त्या प्रश्नापुढे तिची दातखीळ बसे, बापाची मान खाली जाई, आणि पुढच्या रविवारी तो बाप तिला घेऊन माझ्या ओट्यावर हजर होई.

मी काही पंडिता नव्हे. माझं माहेर नागपूरचं, रेल्वे कॉलनीतलं, शिक्षण इंटरपर्यंत. लग्न होऊन यवतमाळला आले, कारण नवरा इथल्या कचेरीत कारकून होता. माझं इंग्रजी शाळेतलं कमी आणि शेजारणीचं जास्त. ही शेजारीण एका अँग्लो-इंडियन गार्डची बायको. आम्ही मुलं तिला आंटी म्हणत असू. आंटीने कशालाही कधी वाईट म्हटलेलं मी ऐकलं नाही, आणि तरीही तिला काय आवडत नाही हे सगळ्या चाळीला ठाऊक असे. गार्डसाहेब पिऊन यायचे आणि जिन्यातच गाणं सुरू करायचे. आमच्याकडे अशा वेळी काय झालं असतं ते सांगायला नको. आंटी विणकाम न थांबवता म्हणायची, "जॉर्ज, आय डोन्ट मच केअर फॉर दॅट ट्यून." ती चाल मला काही फारशी रुचत नाही हो, असा त्याचा भाव. जॉर्ज जागच्या जागी गप्प. मी दारात उभी राहून बघायची आणि मला त्या बाईचा अस्सा अभिमान वाटायचा! इतक्या हळू आवाजात, एकही भांडं न आपटता, बाईमाणसाला 'नको' म्हणता येतं हे मी तिथे पहिल्यांदा पाहिलं.

तेच मी यवतमाळात शिकवायला बसले. माझ्याकडे फळा नव्हता. स्वयंपाकघर होतं, आणि त्याची खिडकी ओट्यावर उघडत होती. मुली आत पाटावर, मी चुलीपुढे, आणि त्यांना घ्यायला आलेले बाप-भाऊ बाहेर ओट्यावर. हातातलं काम थांबवायचं नाही, तोंड चालू ठेवायचं, असा आमचा वर्ग.

मी वाक्यांची एक शिडी केली होती. सगळ्यात वरच्या पायरीला "आय ॲम व्हेरी फाँड ऑफ", म्हणजे मला ते फार आवडतं. तिच्याखाली "आय रादर लाइक", आवडतं बुवा. मधल्या पायरीला "आय डोन्ट माइंड", म्हणजे माझी हरकत नाही. मग उतरायला लागायचं. "आय ॲम नॉट व्हेरी कीन ऑन", मला त्याची फारशी हौस नाही. आणि अगदी तळाला आंटीचं वाक्य. 'लव्ह' आणि 'हेट' हे दोन शब्द माझ्या वर्गात बंद होते. एक मुलींच्या बापांना चालला नसता आणि दुसरा मला.

पण इंग्रजीची अडचण पुढची. आधी अडायचं ते मराठीतच. नवीन मुलगी आली की मी पहिल्या दिवशी विचारायची, "तुला काय आवडत नाही?" साधा प्रश्न. मुलगी छताकडे बघायची, पायाच्या अंगठ्याने जमीन उकरायची आणि म्हणायची, "आमच्या बाबाले वांगं नाई आवडत." अगं, बाबांचं नाही विचारलं, तुझं सांग. "भावाले दूध नाई आवडत." तुझं? तुझं स्वतःचं? त्यावर पदराआड हसू. घरातल्या प्रत्येक पुरुषाची आवडनिवड तोंडपाठ, आणि स्वतःची कोणी विचारलीच नव्हती म्हणून तिला ठाऊकच नाही. मी चिडायची. मुलींवर नाही, कुणावर ते नीट सांगता येत नाही, पण चिडायची खरी.

मग मी चवीचा तास काढला. ताटात थोडं थोडं वाढून ठेवायची. गुळाचा खडा, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, कारल्याचा काप, आवळा. एकेक तोंडात घालायचं आणि ते कोणत्या पायरीवरचं ते इंग्रजीत सांगायचं. पहिल्या दिवशी सगळ्याजणी सगळ्यालाच "आय डोन्ट माइंड" म्हणत. एकीच्या डोळ्यांतून कारल्याने पाणी वाहत होतं आणि ती "आय डोन्ट माइंड" म्हणत दुसरा काप उचलत होती. कारण ते वाक्य म्हणजे आपलं 'चालते'. आमच्याकडच्या बायकांना सगळंच चालतं. शिळी भाकर चालते, विटलेलं लुगडं चालते, आधीची मुलं असलेला बिजवर चालते. म्हणून त्या वाक्यावर मी सगळ्यात जास्त कडक होते. खिडकीबाहेर ऐकू जाईल एवढ्या आवाजात ओरडायची, "खरंच हरकत नसेल तरच म्हणायचं! खोटं 'आय डोन्ट माइंड' माझ्या वर्गात चालायचं नाही!"

ओट्यावरच्या बापांना हे वेड वाटत असणार. आयांना तर नक्कीच वाटे. दारव्ह्याच्या एका धान्यव्यापाऱ्याच्या पत्नी होत्या. छोट्या रुळांच्या आगगाडीने मुलीला, कुसुमला, घेऊन यायच्या. तो चवीचा तास पाहून त्या कपाळाला हात लावून बसल्या.

"बाई, आवडीचं शिकवा न. नावडीचं कायले शिकवता? पोरीले नावड शिकवली का थे सासरी जाऊन आमचं नाक कापते."

"काकू, आवड एकटी शिकवता येत नाही," मी म्हटलं.

"येते येते. तुमी वरच्या दोन पायऱ्या शिकवा, बाकी आमाले नाई पायजे."

मी हट्टी, पण त्याही काही कमी नव्हत्या. कुसुम वरच्या दोन पायऱ्या शिकून गेली. पुढच्या महिन्यात पाहुणे आले. मुलगा हौशी होता, एका प्रश्नावर थांबला नाही. कादंबऱ्या आवडतात का? "आय ॲम व्हेरी फाँड ऑफ." सिनेमा? "व्हेरी फाँड ऑफ." पत्ते? "व्हेरी फाँड ऑफ." मुलाला गंमत वाटली असावी, त्याने सिगारेटही विचारली. कुसुमजवळ दुसरं वाक्यच नव्हतं. तिने सिगारेटचीही अतिशय आवड असल्याचं गोड आवाजात सांगितलं. पाहुणे चहा अर्धा टाकून गेले. काकू पुढच्या गाडीने माझ्याकडे आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "शिकवा बाई थोडं नावडीचं. पण वरवरचं." मी हसू दाबून कुसुमला पुन्हा पाटावर बसवलं, आणि सांगायला आनंद वाटतो की ही मुलगी पुढे नावडीत इतकी तरबेज झाली की काकू तिला विचारल्याशिवाय लुगडं घेईनाशा झाल्या.

हे झालं हसण्यावारी. आता विमलचं सांगते. हा सगळा लेख मी तिच्यासाठीच लिहायला घेतला आहे.

विमलचे वडील नामदेवराव कापसाच्या एका जिनिंगमध्ये फिटर होते. नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेल्यांपैकी. उंच, काळेसावळे, बोलणं मोजकं, आणि शर्टाची गळ्यापर्यंतची सगळी बटणं लावलेली. पहिल्यांदा आले तेव्हा ओट्याच्या खालीच उभे राहिले. मी वर बोलावलं तरी आधी स्वतःचं म्हणणं पुरं केलं.

"बाई, पोरगी यंदा दहावीत हाय. तिले असं इंग्रजी शिकवा का कोणी तिले खाली पाह्य म्हणू नये."

लग्नाचं नाव काढलं नाही, पाहुण्यांचं नाही. असं मागणं घेऊन आलेला तो माझ्याकडचा पहिला बाप. मी म्हटलं, "नामदेवराव, वर येऊन बसा. आणि विमलला आत पाठवा."

'आत' म्हणजे स्वयंपाकघरात, हे घरमालकीणबाईंना संध्याकाळपर्यंत कळलं. दुसऱ्या दिवशी त्या जिन्याशी गाठून म्हणाल्या की तुझी शाळा तू कर, पण चुलीपाशी कोणकोण बसतं याचा काही विचार कर, लोक बोलतात. आंटीचं वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. पण त्यातला 'मच' मी त्या दिवशी गाळला. "आय डोन्ट केअर," मी म्हटलं, आणि अर्थही मराठीत फोड करून सांगितला. त्यानंतर त्यांनी नळाच्या वेळेवरून मला बरंच छळलं. छळू देत. विमल दर रविवारी चुलीपाशीच बसली.

हुशार किती म्हणून सांगू! एकदा ऐकलेलं वाक्य तिला दुसऱ्यांदा सांगावं लागत नसे. पण चवीच्या तासाला तीही इतरांसारखीच. दोन आठवडे तिला सगळं चाललं. तिसऱ्या आठवड्यात अंबाडीची भाजी तोंडात घालून ती थांबली, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा ताटाकडे पाहिलं, आणि अगदी हळू म्हणाली, "आय ॲम नॉट व्हेरी कीन ऑन अंबाडी." मग स्वतःच दचकली. मी तिला जवळ घेतलं. अंबाडी मी केली होती आणि चांगली झाली होती, पण मला इतका आनंद कौतुकानेही कधी झाला नव्हता.

नामदेवराव तिला सायकलवर घेऊन येत आणि वर्ग संपेपर्यंत ओट्यावर थांबत. रातपाळी करून आलेला माणूस. खिडकीखाली भिंतीला टेकायचे, डोक्याचा रुमाल तोंडावर ओढायचे आणि तास संपला की विमलच त्यांना हलवून उठवायची. मी त्यांना कधी चहा विचारला नाही असं नाही, पण झोपलेल्या माणसाला उठवून काय विचारायचं, म्हणून बहुतेक वेळा राहूनच जाई.

असं बरेच दिवस चाललं. विमल मॅट्रिक झाली, आणि चांगल्या गुणांनी झाली. अमरावतीच्या कॉलेजात प्रवेश ठरला, मुलींच्या वसतिगृहात जागाही मिळाली. आणि त्याच उन्हाळ्यात नागपूरहून स्थळ आलं. मुलगा मधुकर, बी.ए., सरकारी कचेरीत. त्याचे वडील नव्हते, सगळं पाहत होते ते मामा. मामांचा निरोप स्पष्ट होता. मुलगी पसंत पडली तर लग्न याच उन्हाळ्यात, आणि शिकली तेवढी पुरे. म्हणजे अमरावती गेली.

नामदेवराव निरोप घेऊन माझ्याकडे आले, तेव्हा त्यांच्या तोंडावर आनंद मावत नव्हता.

"बाई, असं स्थळ फिरून येत नाई. बी.ए. झालेलं पोरगं आमच्यात बोटावर मोजावं इतकं. मी हो म्हणून राह्यलो."

"आणि अमरावती?"

त्यांनी रुमाल काढून त्याची पुन्हा घडी घातली. "मलेही वाटे का शिकावं तिनं. पण पोरगं चांगलं हाय, बाई."

"विमलला विचारलंत?"

"इचारलं न. चालते म्हणते."

'चालते' म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. त्यांना कसं सांगावं ते मात्र सुचलं नाही. मी एवढंच म्हटलं, "नीट विचारा." ते म्हणाले, "आणिक कसं इचारू? बापाले पोरगी नाई म्हणन काय?" आणि यात त्यांचं काही खोटं नव्हतं.

विमलने माझ्याकडे रडगाणं गायलं नाही, मध्यस्थीही मागितली नाही. त्या रविवारी तिने फक्त एक विचारलं. "बाई, 'यंदा' कसं म्हणायचं?" मी कढईतून लक्ष न काढता म्हटलं, "धिस इयर." तिने मान हलवली आणि कोथिंबीर निवडत राहिली.

पाहुणे आले त्या दिवशी नामदेवरावांनी मला आग्रहाने बोलावून नेलं. त्यांचं घर जिनिंगच्या मागच्या वस्तीत, टिनाचं. आत बसवेना एवढं ऊन, म्हणून अंगणात कडुनिंबाखाली बाजा टाकल्या होत्या. शेजारपाजारच्या बायका कुडापाशी उभ्या. विमलची आई चिवड्याच्या बशा भरत होती आणि दर दोन बशांनंतर माझ्याकडे बघून हसत होती. मधुकर शिडशिडीत, चष्मेवाला, मामांच्या शेजारी अंग चोरून बसलेला. पाहताक्षणी वाईट म्हणावं असं त्याच्यात काही नव्हतं, आणि मला त्याचंच वाईट वाटत होतं. नाव ठेवायला जागा असती तर बरं झालं असतं.

विमल आली, बसली. मामांनी नाव विचारलं, शाळा विचारली, स्वयंपाकाचं विचारलं. मग भाच्याला कोपराने ढोसून म्हणाले, "इचार न. तुयं इंग्रजी काढ बाहेर."

मधुकर लाजला. पण विचारलं. सगळे विचारायचे तेच.

विमलने मान वर केली. तिच्या वडिलांनी सांगितलं होतं ना, खाली बघायला लागू नये? तिने खाली पाहिलं नाही. तिने मधुकरकडे पाहिलं आणि शांतपणे, एकेक शब्द सुटा ठेवत म्हणाली, "आय ॲम व्हेरी फाँड ऑफ स्टडीज. आय ॲम नॉट व्हेरी कीन ऑन मॅरेज धिस इयर."

मला अभ्यासाची फार आवड आहे. यंदा लग्नाची मला फारशी हौस नाही.

अंगणात आनंदीआनंद झाला. कुडापाशी एकजण "अगं बाई, कशी फाडफाड बोलते!" म्हणाली. विमलची आई डोळे पुसत होती. नामदेवराव बाजेच्या कडेला ताठ बसून मांडीवरच्या रुमालाला घड्या घालत होते. त्या वाक्यात काय आहे हे त्या अंगणात तिघांनाच ठाऊक होतं, असं मी धरून चालले होते. तिला, मधुकरला आणि मला. मी शिकवलेलं वाक्य होतं ते. अंबाडीसाठी शिकवलेलं.

आणि मामा माझ्याकडे वळले. "बाई, काय म्हणाली जी पोरगी? आमाले सांगा न."

खरं सांगावं तर भर अंगणात नामदेवरावांची शोभा. खोटं सांगावं तर विमलच्या तोंडचे शब्द मीच पुसल्यासारखं. मी चिवड्याचा घास गिळायचा बहाणा करत होते, तेवढ्यात मधुकर बोलला.

"मामाजी, तिले शिक्षणाची लई आवड हाय म्हणते."

हे खरंच होतं. अर्धं. मग त्याने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, पुन्हा लावला आणि विमलकडे पाहून म्हणाला, "आय डोन्ट माइंड वेटिंग."

थांबायला माझी हरकत नाही.

मग मामांना म्हणाला, "अन् मलेही खात्याची परीक्षा द्याची हाय, मामाजी. लग्न झाल्यावर काय अभ्यास होते? तिले शिकू द्या, मलेही शिकू द्या. पसंती हाय म्हणून सांगा. साक्षगंध, लग्न, सारं मंग पाहू."

मामा चिडले. आधी सांगायला काय झालं होतं, एवढ्या उन्हात कायले आणलं, असं बरंच बोलले. मधुकरने मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. नकार तिचा होता आणि बोलणी तो खात होता, तेही जिला आयुष्यात पहिल्यांदा पाहत होता तिच्यासाठी. शेवटी मामांनी नामदेवरावांना विचारलं, "तुमचं काय म्हणणं हाय?"

नामदेवराव रुमालावरची नजर न उचलता म्हणाले, "पाहुण्याइच्या मनात थांबाचं असन, त थांबू."

ही माणसं! आजही आठवलं की मला त्या अंगणाचा अभिमान वाटतो. पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला नको. मधुकर थांबला. विमल बी.ए. झाली, मग लग्न झालं, आणि पुढे ती नागपूरच्या एका शाळेत इंग्रजीच शिकवू लागली. सगळ्यांच्या वाट्याला असं आलं नाही. माझ्या कितीतरी मुली शिडी पाठ करून गेल्या आणि खालच्या पायऱ्या त्यांनी जन्मात वापरल्या नाहीत. पुढे कधी भेटल्या की सासरचं सगळं 'चालते' म्हणून सांगायच्या आणि मी शिकवलं ते कुठे सांडलं, असं मला वाटून जायचं.

पण मला सांगायचा आहे तो त्या पाहण्यानंतरचा रविवार.

विमल येईल की नाही याची मला खात्री नव्हती. नेहमीच्या वेळी सायकल आली. विमल थेट आत गेली. मी तिच्या मागे जाऊन दार लोटलं आणि आधी तेच विचारलं. "अगं, घरी मराठीत का नाही बोललीस?"

"मराठीत तोंडच नाई उघडत, बाई," ती म्हणाली. "मराठीत म्हटलं असतं त बाबाच्या तोंडावर म्हटल्यासारखं झालं असतं. इंग्रजीत फक्त म्हटल्यासारखं वाटलं."

मी तिला भांडी विसळायला बसवलं आणि चहा घेऊन बाहेर आले. नामदेवरावांनी त्या दिवशी रुमाल तोंडावर ओढला नव्हता. मी मनाशी ठरवलं होतं की यांना खरं काय ते सांगून टाकायचं. आपल्याच अंगणात आपल्याला न कळता काही घडावं, ही त्या माणसाची पायरी नव्हती. मग माझा वर्ग बंद झाला तरी बेहत्तर.

"नामदेवराव," मी सुरुवात केली, "त्या दिवशी विमल जे म्हणाली ना..."

"ऐकलं न मी."

"ऐकलंत हो. पण त्याचा अर्थ..."

त्यांनी बशीत चहा ओतला. खिडकीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"बाई, दिवसा झोप लागते काय माणसाले, अन् थेही तुमी आत बोंबलत असता?"

मी तिथेच ओट्यावर टेकले.

"घरी पोरगी 'चालते' म्हणे," ते सावकाश म्हणाले. "मले वाटे, चालते म्हणजे हो. तुमच्याशी बोलून गेलो तवा इथी बसून ऐकलेलं आठवलं. पोरगी गुळालेही चालते म्हणते अन् करल्यालेही चालते म्हणते. मंग माह्या लक्षात आलं का मी तिले नुसतं इचारलं होतं, ऐकलं नोतं." चहाचा एक घोट घेतला. "त्या दिवशी ऐकलं."

म्हणजे अंगणात आम्ही तिघं नव्हतो. चौघं होतो. चौथ्याने तो शब्दन् शब्द समजून घेतला होता, हाताशी आलेलं स्थळ डोळ्यांदेखत दूर जाताना पाहिलं होतं, आणि रुमालाच्या घड्या घालत गप्प बसला होता. मामांनी विचारलं तेव्हा एका शब्दात सगळं परत जुळवता आलं असतं. तो शब्द त्यांनी उच्चारला नाही.

"अमरावतीले मीच जातो म्हणतो पोचवाले," ते म्हणाले. "वसतिगृह कसं हाय, पाहून येतो."

माझ्या जिभेला आवर घालायची सवय नाही. मी विचारलंच. "नामदेवराव, खरं सांगा. चारचौघांत मुलीने तुमचं ठरलेलं मोडलं. तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

त्यांनी बशी खाली ठेवली. सदऱ्याचं गळ्याचं बटण चाचपलं. मुली माझ्यापुढे पाटावर बसतात तसे सरळ बसले आणि प्रत्येक शब्द सुटा ठेवून म्हणाले,

"आय डोन्ट माइंड, बाई."

आत भांड्यांचा आवाज थांबला. खिडकी उघडीच होती.